विमानाला वाटलं महाबळेश्वर

नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये. आमच्याकडे ऐन मे महिन्यात भर दुपारी वरात निघते, वरातीत काका-मामा निथळत नाचतात आणि मग मांडवात बसून कढत वरणभातावर तूप मागून घेतात. पुण्याचा पाहुणा ३८ अंशांना "बाप रे" म्हणाला, की आम्ही त्याला स्वेटर देऊ का विचारतो. ४२ म्हणजे "आज जरा बरं आहे". ४५ च्या पुढचा पारा आम्ही एकमेकांना पोराच्या बारावीच्या टक्क्यांसारखा सांगतो.

त्यामुळे भाची जेव्हा फोनवर म्हणाली, "मामा, मे महिन्यात छोट्या विमानात बसायचं असेल तर सकाळी सहाला या, नंतर तुम्हाला झेपणार नाही," तेव्हा मला हसू आलं. ही भाची विदर्भातल्या एका धावपट्टीवर पोरांना विमान चालवायला शिकवते. धावपट्टीचं नाव सांगत नाही, कारण तिला अजून तिथेच नोकरी करायची आहे. वय सव्वीस, उंची सव्वापाच फूट, पण आवाज बँकेत तपासणीला आलेल्या साहेबाचा.

"एसी असेल ना गं?" मी विचारलं.

"नाही."

"मग बसवून का घेत नाहीत?"

"वजन किती त्याचं?"

हा प्रश्न मी पुढच्या पंधरा दिवसांत इतक्यांदा ऐकला, की मला स्वप्नात तराजू दिसायला लागला.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे दोन गोष्टी मुबलक असतात, वेळ आणि सूचना. मी दोन्ही भाचीवर खर्च केल्या. तिचं विमान सेस्ना १७२. चार खुर्च्या, पंख डोक्यावर, नाकावर एक पंखा. १९५५ साली ते पहिल्यांदा उडालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंही विमान इतकं बनलेलं नाही. ते जिथे पहिल्यांदा बनलं ते अमेरिकेतलं विचिटा गावही काही शिमला नाही. तिथेही उन्हाळ्यात पारा चाळिशीला शिवून येतो. असं असताना इतकी वर्षं यातल्या बहुतेक विमानांत एसी का नसावा, याचा छडा लावायचं मी ठरवलं.

छडा लागला तो असा. एसी बसवता येतो, काही छोट्या विमानांत असतोही. पण सगळा सरंजाम मिळून तीसेक किलोंचा. म्हणजे सहावीतलं एक पोर कायमचं विमानात बसवून ठेवल्यासारखं, आणि तेही डिसेंबरातसुद्धा. शिवाय त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जिवावर चालतो. इंजिनाला सगळा जोर जमिनीवरून उठायला हवा असतो, म्हणून उड्डाणाच्या वेळी एसी बंद. "म्हणजे लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी पंखा बंद केल्यासारखं," मी म्हणालो. "हो, पण इथे पंखा चालू ठेवला तर लग्नच लागत नाही," भाची म्हणाली.

दुसरी सूचना बर्फाची. ही माझी मौलिक कल्पना आहे असं मला वाटलं होतं, पण अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांनी ती आधीच बाजारात आणलेली निघाली. पिकनिकला नेतात तशी बर्फाची पेटी, तिच्यात एक पंप, वर गाडीच्या रेडिएटरसारखी जाळी आणि मागे पंखा. पंप बर्फाचं पाणी जाळीतून फिरवतो, पंखा गार हवा अंगावर सोडतो. बर्फ वितळला की खेळ खलास. मी उत्साहाने म्हणालो, "आपल्याकडे तर बर्फाचा कारखाना आहे, लादी आणू, भुसा घालू..." पलीकडून तोच प्रश्न. पेटी, पाणी, बर्फ धरून वीस-पंचवीस किलो. "मामा, बर्फ न्यायचा की तुम्हाला, ते एकदा ठरवा."

तिसरी सूचना अर्थातच कूलरची. नागपूरकराच्या मेंदूत तिसऱ्या क्रमांकापर्यंत कूलर आला नाही, हेच नवल. वाळ्याची ताटी, तिच्यावर टपटपणारं पाणी आणि मागून घोंघावणारा पंखा. कोरड्या हवेत पाणी उडतं, उडताना उष्णता सोबत नेतं आणि उरलेली हवा गार होते. हे यंत्र मुंबईत नेलं तर नुसती वाफाऱ्याची सोय होते, कारण तिथली हवा आधीच पिऊन तर्र. पण विदर्भात याला तोड नाही. अमेरिकेत तर पूर्वी मोटारींच्या खिडकीला नळकांड्यासारखे कूलर लटकवायचे, वारा आत शिरला की आतल्या ओल्या भुशातून गार होऊन यायचा. हे सगळं मी भाचीला सांगितलं आणि "वजन किती"ची वाट पाहत थांबलो. पण ती हसली. म्हणाली, "कूलर आहे आमच्याकडे. आल्यावर दाखवते."

ठरल्या दिवशी मी सहाला पोचलो नाही. गजर झाला होता. मी उठलोही होतो. पण नागपूरहून निघताना वाटेत तर्री पोह्यांची गाडी लागली, आणि तर्री पोह्यांच्या गाडीवरून उपाशी पुढे जाणं हा आमच्याकडे अपशकुन मानतात. मानत नसतील तर मानायला हवा. त्याआधी दारात बायकोने खिशात एक कांदा कोंबला होता. "ऊन लागत नाही यानं." मी म्हणालो, "अगं, मी विमानातून जातोय, बैलगाडीतून नाही." ती म्हणाली, "ऊन वरूनच येतं ना? तुम्ही त्याच्या अजून जवळ चाललाय." या तर्कापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

धावपट्टीवर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. सकाळच्या गार वेळेतल्या सगळ्या फेऱ्या शिकाऊ पोरांनी आटोपत आणल्या होत्या. पांढरे सदरे, खांद्यावर पट्ट्या, काळ्या पँटी. उन्हाळ्यात काळी पँट घालायला लावणाऱ्या माणसाला एकदा मे महिन्यात याच धावपट्टीवर उभं करायला हवं. पोरं सावलीत बसून माठातलं पाणी पीत होती आणि प्रत्येक घोट मोजत होती. पाणी कमी प्यावं तर चक्कर येते, जास्त प्यावं तर वर न्हाणीघर नाही. साडेअकराच्या आत सगळं बंद, असा तिथला नियम. माझा नंबर अकराला लागला.

आधी वजनकाटा. "मामा, खरं वजन सांगा."

"७२."

काट्याने ८१ सांगितलं. मी बँकेतली जुनी सवय म्हणून वरचे सुटे किलो सोडून दिले होते, एवढंच. पण भाचीने त्या नऊ किलोंसाठी कागद पुन्हा काढला. या विमानाने जास्तीत जास्त ११५७ किलोंनिशी उडावं असा नियम. रिकामं विमानच साडेसातशेच्या पुढे. टाक्या भरल्या की आणखी दीडशेच्या आसपास इंधन. उरलेल्या अडीचशेत माणसं, पिशव्या आणि माणसांनी लपवलेली वजनं. म्हणजे चार खुर्च्या आहेत याचा अर्थ चार जणांची सोय आहे असा नाही. आमच्या सोसायटीतल्या चार गाड्यांच्या पार्किंगसारखंच हे.

"खिशात काय आहे?" तिने विचारलं. मी कांदा काढून दाखवला. तिने तो हातात घेऊन अंदाज केला, गंभीरपणे म्हणाली, "शंभर ग्रॅम. चालेल," आणि परत दिला.

विमान उन्हात उभं होतं. काचांवर आतून चंदेरी पडदे लावले होते, तरी दार उघडताच आतून जी हवा आली, ती भाकरीच्या तव्यावरून येते तशी. या विमानाला चारही बाजूंनी काचा, म्हणजे काच दिसणारं पण खरं तर ॲक्रिलिक. ऊन आत येतं, बाहेर जायचा रस्ता विसरतं. बाहेर ४१ होते, आत पन्नाशी कधीच ओलांडली होती. मी पट्टा लावायला हात घातला तेवढ्यात हँगरमधला माणूस ओरडला, "साहेब, बकल नका पकडू जी, चटका बसते!" बसला. नागपूरकर असल्यामुळे मी ओरडलो नाही, फक्त दोन्ही पाय उचलले.

आत बसल्यावर कळलं, केबिन जेमतेम मीटरभर रुंद. माझा खांदा भाचीच्या खांद्याला, माझा गुडघा कसल्याशा खटक्याला. एसटीच्या दोघांच्या बाकावर तिसरा सरकून बसतो तेव्हाची जवळीक. तेवढ्यात भाचीने आपल्या पिशवीतून दोन दुपट्टे काढले. माठातल्या पाण्यात बुडवून पिळलेले. एक तिने गळ्याभोवती गुंडाळला, टोकं नीट आत खोचली, दुसरा माझ्यापुढे धरला.

"हा आमचा कूलर."

मी दुखावलो. विज्ञानाने चंद्रावर माणूस पाठवला आणि इथे लाखो रुपये फी भरून पायलट होणारी पोरं सीताबर्डीच्या बाजारातल्या बायांसारखी दुपट्टा गुंडाळून उडतात? "मला नको," मी म्हणालो. "मी नागपूरचा आहे."

"बरं," भाची म्हणाली आणि तो दुपट्टा माझ्या मांडीवर ठेवून दिला.

मग तिने एक गणित मांडलं. ते ऐकून मला उन्हाचा विसर पडला. म्हणजे साधारण वीस सेकंद.

विमानाची सगळी कुंडली एका काल्पनिक हवेवर मांडलेली असते. समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंशांनी कमी. आमची धावपट्टी हजार फुटांवर, म्हणजे कागदावर तिथे १३ अंश असायला हवेत. होते ४१. जास्तीचे २८. हवा तापली की फुगते, फुगली की विरळ होते, आणि विमानाचं तर सगळं पोट हवेवर. पंख हवेवर तरतो, पंखा हवा ओढतो, इंजिन हवा खातं. तिघांनाही अर्धपोटी ठेवल्यासारखं होतं. वैमानिकांचा हिशेब असा, की कागदापेक्षा जास्तीच्या प्रत्येक अंशाला विमान सुमारे १२० फूट जास्त उंचावर असल्यासारखं वागतं. २८ गुणिले १२०, अधिक मुळातले हजार. उत्तर जवळपास साडेचार हजार फूट.

"साडेचार हजार म्हणजे..." मी आठवायला लागलो.

"महाबळेश्वर," भाची म्हणाली. "विमानाला वाटतंय आपण महाबळेश्वरला उभे आहोत."

मी काचेबाहेर पाहिलं. डांबरावर झळा नाचत होत्या. लांबवर एक वावटळ कचरा घेऊन चालली होती. माझ्या कपाळावरून निघालेला थेंब नाकावरून उतरून कांद्यावर पडला. आणि ज्या यंत्रात मी बसलो होतो, ते मनाने वेण्णा तलावाकाठी स्ट्रॉबेरी खात होतं. महाबळेश्वरचं जे काही वाईट, म्हणजे विरळ हवा आणि त्यामुळे लागणारा दम, ते सगळं विमानाला मिळालेलं. जे चांगलं, ते कुणालाच नाही.

ही चैन केवळ छोट्या विमानांचीच नाही. २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा ४८ च्या पुढे जाणार असं दिसलं, तेव्हा तिथली चाळीसेक उड्डाणं एका दिवसात रद्द झाली. ज्या जातीच्या जेट विमानांनी ती व्हायची होती, त्यांच्या तक्त्यात त्यापुढचे आकडेच नव्हते. मला हे ऐकून बरं वाटलं. आमचा चंद्रपूरचा चुलतभाऊ ४८ ला स्कूटरवरून भाजी आणायला जातो, त्याच्या तक्त्यात मात्र अजून जागा आहे.

आता इंजिन सुरू करायचं होतं. ते नुकतंच एक फेरी मारून आलेलं, तापलेलं. तापलेल्या इंजिनाच्या बारीक नळ्यांतलं इंधन उकळून त्याची वाफ होते, आणि मग ते सुरू व्हायला नखरे करतं. भाचीने एक लाल दांडा मागे ओढला, एक काळा किंचित पुढे केला, किल्ली फिरवली. पंखा चार वेढे फिरला, खोकला, थांबला. पुन्हा. पुन्हा. थकीत कर्जदाराच्या दाराची कडी वाजवल्यासारखं. आत आहे हे माहीत असतं, पण ओ देत नाही. या सगळ्या वेळात केबिनमध्ये वाऱ्याची एक झुळूक नाही. वैमानिकांचा एक फार जुना विनोद आहे, की नाकावरचा पंखा वैमानिकाला गार ठेवण्यासाठी असतो, तो बंद पडला की बघा त्याला कसा घाम फुटतो. मी त्या विनोदाच्या आत बसलो होतो.

पाचव्यांदा इंजिनाने ओ दिली.

"मामा, तुमच्या बाजूचं दार कोपराने थोडं उघडं धरा. मी सांगेन तेव्हा लावायचं." धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाताना पंख्याचा वारा आत यावा म्हणून ही युक्ती. मोठ्या विमानात एवढ्यात हवाई सुंदरी सुरक्षेच्या सूचना देते, मी काळी-पिवळीतल्या क्लीनरसारखा दार धरून बसलो होतो. माझी वैमानिक म्हणून कारकीर्द एवढीच. पण त्या सहा मिनिटांत मी ती निष्ठेने केली. मग "लावा" म्हणाली, मी लावलं, आणि होता नव्हता तेवढा वारा गेला.

महाबळेश्वरच्या पठारावरून निघाल्यासारखं विमान आरामात धावलं. एरवी लागते त्याच्या जवळपास दीडपट धावपट्टी खाऊन झाल्यावर त्याला आठवलं, की आपल्याला उडायचं आहे.

वर गेल्यावर खरा वारा मिळतो, असं मला सांगितलं होतं. काचेच्या वरच्या कोपऱ्यात दोन्हीकडे एकेक नळकांडं असतं, ते ओढलं की पंखावरचा वारा थेट तोंडावर. मी ओढलं. आधी धूळ आली. मग वाळलेल्या गवताची काडी. मग एक मेलेली माशी, जी माझ्या चष्म्यावर काही काळ थांबून पुढे गेली. त्यानंतर मात्र वारा आला, भट्टीच्या तोंडातून येतो तसा, पण वारा. मी तोंड उघडून तो प्यायला लागलो, तेवढ्यात भाचीने माझं नळकांडं वळवून डॅशबोर्डवरच्या आयपॅडकडे केलं.

"अगं!"

"त्याच्यात नकाशे आहेत. ३५ अंशांच्या वर तो रुसतो, आत्ताच बंद पडला होता."

तेव्हा मला या विमानातल्या पंगतीची रचना कळली. पहिली पंगत इंजिनाची. ते नुसत्या वाऱ्यावरच गार होतं, पाण्याचं रेडिएटर वगैरे त्याला नाही, म्हणून नाकातून शिरणारा सगळा वारा आधी त्याला. त्याचं तेल तापलं तर विमानाचं नाक खाली करून वेग वाढवायचा, म्हणजे त्याला जास्त वारा, आणि आपण गार हवेत पोचायला आणखी उशीर. दुसरी पंगत रेडिओ आणि यंत्रांची, त्यांना स्वतःचा वेगळा पंखा. तिसरी आयपॅडची. मग वैमानिक. शेवटच्या पंगतीला मामा. लग्नातही तसंच असतं म्हणा. फक्त तिथे निदान मठ्ठा उरतो.

मी स्वतःची सोय स्वतः करायचं ठरवलं. माझ्यासमोर खालच्या बाजूला दोन खुंट्या होत्या. एकावर "केबिन एअर", दुसऱ्यावर "केबिन हीट". घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, त्यावर माशीचा ठसा. मी बरोबर चुकीची खुंटी ओढली.

आधी पायांना कळलं. बुटांवरून एक ऊबदार लाट पोटऱ्यांकडे चढली. मला वाटलं, तर्री पोहे. मग गुडघे. मग भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, काय ओढलंत?"

"हवा."

तिने एका हाताने विमान, दुसऱ्या हाताने खुंटी सांभाळली. मग डॅशबोर्डवरच्या एका छोट्या ठिपक्याकडे पाहिलं. विषारी धूर आत आला तर तो ठिपका काळा पडतो, कारण ही ऊब धुराड्याभोवती फिरवलेल्या हवेची असते, आणि धुराड्याला चीर गेली तर हवेबरोबर धूरही आत येतो. ठिपका जसाच्या तसा होता. काळा फक्त मी पडलो होतो.

पण त्या क्षणी मला पंधरा दिवसांपासून न सुटलेलं कोडं सुटलं. ज्या विमानात थंडाव्याची सोय नाही, त्यात हीटर इतका झकास का? कारण उष्णता हा इंजिनाचा कचरा आहे. ती फेकून द्यायचीच असते, ती घरात वळवायला एक पत्र्याची टोपी आणि एक नळी पुरते. थंडावा मात्र कुणी टाकून देत नाही. तो तयार करावा लागतो, त्याला जोर लागतो, वजन लागतं, दाम लागतो. निसर्गाच्या बँकेत उष्णता बक्षीस आहे, थंडावा कर्ज. आणि गंमत अशी, की या विमानांत खरोखरचा बर्फही होतो, पण कुठे? जुन्या सेस्ना १५२ च्या कार्बोरेटरात. ओलसर हवेत, बाहेर २५-३० अंश असतानाही, तिथे हवा पसरून आणि पेट्रोल उडून इतकं गार होतं की आत बर्फ धरतो आणि इंजिन घुसमटतं. तो वितळवायला वैमानिकाला गरम हवा सोडावी लागते. माणूस घामाने निथळतोय, आणि कार्बोरेटरला शेक.

मी मांडीवरचा दुपट्टा उचलून गळ्याभोवती गुंडाळला. भाची बघत नाही असं पाहून.

काय सांगू! वारा त्या ओल्या कापडावरून मानेला लागला आणि दोन मिनिटांत माझं डोकं जागेवर आलं. वाळ्याची ताटी, मागचा पंखा, सगळं तत्त्व तेच, फक्त ताटी मीच होतो. वजन अर्धा किलो. कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, उड्डाणाच्या वेळी बंद करायला नको. आजीने दुपट्टा भिजवून डोक्याला बांधून दिला असता तर आम्ही शाळेतल्या मित्रांना घाबरून तो वाटेत सोडून ठेवला असता, आणि आता तोच मी विमानात, नळकांड्याची दिशा आयपॅडकडून हळूच माझ्याकडे वळवत, भक्तिभावाने बांधून बसलो होतो.

मधल्या उंचीवर ऊन आपल्याला खालून मारतं. नांगरलेलं शेत आलं की तापलेल्या मातीची हवा विमानाला वर फेकते, तलाव आला की खाली सोडते. घारी त्या हवेवर पंख न हलवता गिरक्या घेतात आणि आपल्याकडे बघतात. आम्ही रस्त्यावरचे खड्डे खाऊन मोठे झालेलो, पण हे खड्डे दिसत नाहीत. म्हणून सकाळी सहा. तर्री पोह्यांनी तीनदा वर यायची परवानगी मागितली, मी तीनदा नाकारली.

आणि मग, सुमारे बारा मिनिटं चढल्यावर, साडेपाच हजार फुटांवर सगळं शांत झालं. खड्डे संपले. काचेवरचा छोटा तापमापक २८ दाखवत होता. उन्हाळी दुपारी दर हजार फुटांना जवळपास ३ अंशांची सूट मिळते, ती सगळी आमच्या खात्यात जमा झाली होती. नळकांड्यातून जी हवा आली ती खरीखुरी गार. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, पोचलो बुवा एकदाचा महाबळेश्वरला.

"विमान मात्र आता शिमल्याच्या वर गेलंय," भाची म्हणाली. "त्याच्या हिशेबात जवळपास साडेआठ हजार फूट."

हे यंत्र कधीच माझ्यासोबत राहणार नव्हतं.

तरी त्या गारव्यात मला मोठं मोठं सुचायला लागलं. मी तिला म्हणालो, "जेआरडी टाटा १९३२ साली, १५ ऑक्टोबरला, कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, एका इंजिनाच्या पुस मॉथमधून, टपाल घेऊन. ऐन ऑक्टोबर हीटमध्ये! आणि १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा केला. त्यांनी कुठे एसी मागितला?"

"ते कराचीहून सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघाले होते, मामा," भाची म्हणाली. "तर्री पोहे खात बसले नव्हते."

उतरताना मला कर्जाचा नियम नीट कळला. वर मिळालेला गारवा आपला नसतो, तो उचल म्हणून मिळतो. खाली येताना दर हजार फुटांना ३ अंश वसूल. ३१, ३४, ३७. एकही हप्ता चुकत नाही, एकाही दिवसाची सवलत नाही. मी पस्तीस वर्षं कर्जं वसूल केली, पण इतकी नियमित वसुली पाहिली नव्हती. चाकं डांबराला टेकली तेव्हा पारा ४२ होता. मधल्या काळात एक अंश व्याज लागलं होतं.

हँगरच्या सावलीत भाचीने माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. तो कधीच वाळला होता, कडक झाला होता. ती काही बोलली नाही. पुन्हा माठात बुडवून माझ्या हातात दिला, परतीच्या वाटेसाठी.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बायको दारातच उभी. "ऊन लागलं का?"

मी तिला सगळं सांगायला लागलो. विरळ हवा, २८ गुणिले १२०, महाबळेश्वर, शिमला, नळकांडं, ओला दुपट्टा, दर हजार फुटांची सूट. तिने मधेच माझ्या खिशात हात घालून कांदा काढला. हीटरच्या बाजूचा त्याचा भाग मऊ पडला होता, सालं सुटली होती.

"बघा," ती म्हणाली, "सगळं ऊन यानं घेतलं. म्हणून तुम्ही वाचलात."

रात्री झुणक्यात तोच होता. साडेपाच हजार फूट जाऊन आलेला, विमानाच्या कागदात शंभर ग्रॅम म्हणून मंजूर झालेला. चव चांगली होती, फक्त शिजायला वेळ लागला नाही.